राजवाड्याचा बाजार चालण्याजोगा करायचा असेल तर आधी जिने वाचवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंदूरला बर्तन बाजाराच्या मागच्या गल्लीत तुमच्या सासऱ्यांचं जुनं घर आहे, खाली दुकान भाड्याने दिलंय, वरच्या दोन मजल्यांना बरीच वर्षं कुलूप, सगळी मंडळी सुदामानगरला. आता कानावर येतंय की होळकरांच्या राजवाड्याच्या आसपास गाड्या बंद करून पायी फिरायचा भाग करणार, खाली बाजार वर वस्ती असं सेंटर. तर असं खरंच होऊ शकतं का, व्यापारी म्हणतात तसा धंदा बुडेल का, आणि त्यापेक्षा शहराच्या कडेला नव्याने वसणाऱ्या सुपर कॉरिडॉरवर नवं कोरं टाउन सेंटर बांधणं बरं नाही का. आणि शेवटी, घर विकावं का ठेवावं.

मी याच कामात आयुष्य घातलंय, जुन्या बाजारांची मोजणी, रस्त्यांचे सेक्शन, व्यापारी संघटनांच्या बैठका, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, सावकाश वाचा. होऊ शकतं, हे आधीच सांगून टाकतो. पण गाड्या बंद करणं हा त्यातला सोपा भाग आहे, बॅरिकेड लावले दोन शिपाई उभे केले की झालं. अवघड भाग म्हणजे वरच्या मजल्यावर माणसं राहिली पाहिजेत, आणि त्याबद्दल बैठकीत कुणी चकार शब्द काढत नाही.

पहिलं म्हणजे मिक्स्ड यूज, खाली धंदा वर राहणं, हे काही आपल्याला बाहेरून आणायचं नाहीये. सराफ्यात दिवसा सोनं विकतात आणि रात्री त्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले, मक्याचा भुट्टे का कीस आणि तळलेला कंद गराडू. मारोठियात मसाले, खजूरी बाजारात वह्या-पुस्तकं, बजाजखान्यात कापड, शीतलामाता बाजारात साड्या, मधे गोपाळ मंदिर, मागे कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, आणि हे सगळं एकमेकांपासून चालत पाच-सात मिनिटांवर. परदेशात लोक करोडो खर्च करून हे असं बनवायला बघतात, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर छोटं, प्रत्येक पाच पावलांवर वेगळं दार, वर खिडक्या. आपल्याकडे तो सांगाडा तयार उभा आहे. त्यातून राहणारे मात्र निघून गेले. मराठी घरांचंच बघा नं, मल्हारगंज, कृष्णपुरा, रामबाग इथली किती कुटुंबं सुदामानगर, राजेंद्रनगर, अन्नपूर्णा रोडकडे गेली, कुणाला मोटर उभी करायला जागा पाहिजे होती, कुणाला संडास घरात पाहिजे होता, कुणाचे भाऊ-भाऊ वेगळे झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ते गेल्यावर त्या वरच्या खोल्यांचं काय झालं हे बघायला पाहिजे.

एक घर सांगतो, असं घर तुम्हाला त्या भागात दर गल्लीत सापडेल. तोंड १२ फूट, आत ६० फूट लांब, मधे छोटा चौक, वर दोन मजले लाकडी खांबांवर, पुढे कोरीव तोड्यांवर बाहेर आलेला छज्जा. रस्त्यावरून बघितलं तर डाव्या हाताला ३ फुटांचा बोळ, बोळाच्या शेवटी जिना, उरलेल्या ९ फुटांत दुकान. आता दुकानाचं भाडं ठरतं ते तोंडाच्या फुटांवर, आत किती लांब आहे त्याला फार भाव नाही. भाडेकरू म्हणतो हा बोळ मला द्या, शटर पूर्ण रुंदीचं करतो, भाडं वाढवून देतो. वर तेव्हा एकटी आजी राहत असते, ती मुलाकडे राहायला गेली की बोळ दुकानात जातो. जिना आधी काउंटरच्या मागे जातो, मग खालच्या चार पायऱ्या काढून तिथे रॅक लागतात, वर जायला एक लोखंडी शिडी आणि पाटणीला चौकोनी भोक, त्यातून खोकी वर चढवायची. एवढं झालं की त्या घरात परत कुणी राहायला येऊ शकत नाही, मालकाला वाटलं तरी नाही, कारण रात्री शटर पडलं की वर जायचा रस्ताच बंद. वर माणूस नाही म्हणजे छपराचं सरकलेलं कवेलू कुणाला दिसत नाही, दोन पावसाळ्यांत पाणी भिंतीत मुरतं, वाशाला वाळवी लागते, आणि मग एक दिवस नगर निगमची जर्जर मकानाची नोटीस दारावर. घर पाडलं की तिथे तीन मजली काचेचं दुकान उभं राहतं, वर गोडाऊन.

३ फुटांच्या एका बोळामुळे एवढं सगळं होतं. आणि बाजार रात्री ओस पडतो तो पण याचमुळे. सराफ्याची गल्ली रात्री जागी असते, पण तिथून दोन गल्ल्या सोडून चालून बघा, साडेनऊनंतर नुसती शटरं. बाई माणसाने एकटीने तिथून जायचं म्हणजे धाकधूक. तिथे दगडी फरशी घाला, शोभेचे दिवे लावा, वर दिव्याच्या खिडक्या नसतील तर चालणारा माणूस दहाच्या आत तिथून काढता पाय घेणार.

अमेरिकेने हे चांगलंच भोगलंय. १९५९ मध्ये मिशिगनच्या कॅलामाझू शहराने आपल्या जुन्या बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद केला, मग ६०-७० च्या दशकात तिकडे अशा दोनशेच्या आसपास गल्ल्या झाल्या. सुरुवातीला गर्दी, कारंजी, झाडं, सगळं छान. पण त्या भागात राहणारं कुणी नव्हतं, लोक उपनगरात, दुकानं पाठोपाठ मॉलमध्ये गेली, आणि बहुतेक ठिकाणी परत गाड्या सुरू कराव्या लागल्या. कॅलामाझूनेही १९९८ मध्ये त्यातला बराचसा भाग उघडला, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने १९६४ ची आपली गल्ली २०१७ मध्ये उघडली. टिकल्या त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जवळ विद्यापीठ होतं, म्हणजे पायी फिरणारी माणसं आसपासच राहत होती. दुसरीकडे कोपनहेगनने १९६२ च्या हिवाळ्यात स्ट्रोएट नावाचा सव्वा किलोमीटरहून थोडा कमी रस्ता आधी प्रयोग म्हणून बंद केला, तिथले दुकानदार पण खवळले होते, आमच्या हवामानात कोण बाहेर फिरणार म्हणून, पण तिथे जुन्या शहरात वस्ती होती, सायकल होती, आणि १९६४ मध्ये तो कायमचा झाला. आजही आहे.

आपल्याच देशातलं बघायचं तर दिल्लीचा चांदनी चौक. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत १.३ किलोमीटर, २०२१ मध्ये नव्याने खुला झाला, सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्या बंद, डोक्यावरच्या तारा खाली घेतल्या, लाल दगड, बसायला जागा. काम मनापासून केलंय, मला आवडतं. पण वरच्या मजल्यांवर तिथेही गोडाऊनच, जुनी कुटुंबं कधीच गेलीत, त्यामुळे रस्त्याची राखण करायला फक्त पोलीस आणि दुकानदार उरतात, आणि जिथे राखण सैल होते तिथे मोटरसायकली घुसतात. राहणारा माणूस असता तर त्यानेच पहिल्यांदा आरडाओरडा केला असता.

आता रुंदीकरण. यावर मी थोडा चिडून लिहितो, कारण प्रत्येक वेळी जुना भाग सुधारायचा म्हटलं की पहिली फाइल रस्ता रुंद करण्याचीच निघते. बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्याकडे येणाऱ्या रस्त्याला बघा, घरांची तोंडं कापली गेली. तोंड कापलं म्हणजे काय जातं? ओटा जातो, छज्जा जातो, आणि पुढच्या बाजूला असलेला जिना जातो. उरलेल्या तुकड्यात मालक काय करणार, जेवढं उरलं तेवढं सगळं दुकान. म्हणजे रुंदीकरण हे जिने खाणारं सगळ्यात मोठं यंत्र आहे. बदल्यात टीडीआर म्हणजे हस्तांतर करता येणाऱ्या बांधकाम-हक्काचा कागद मिळतो, २०१८ मध्ये त्याचे नियम आले, दुसरीकडे जास्त बांधायचा किंवा तो हक्क विकायचा, पण ज्याच्याकडे १२ फुटी घर आणि चार भाऊ आहेत त्याला तो कागद घेऊन बिल्डर शोधत फिरणं जमत नाही. आणि एवढं करून रस्ता रुंद झाला की दोन्ही बाजूला गाड्या उभ्या राहतात, चालायची जागा होती तेवढीच.

हे आपल्याला इंदुरात शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ होळकर दरबाराने बोलावले होते, १९१८ मध्ये त्यांनी इंदूरवर दोन खंडांचा रिपोर्ट दिला. त्या काळात प्लेगच्या भीतीने सगळीकडे जुन्या वस्त्यांमधून सरळ रुंद रस्ते फोडायची पद्धत होती, आणि हा माणूस म्हणत होता की आधी गल्लीगल्लीत फिरा, घरन् घर बघा, अगदी पडायला आलेली दोन-चार घरं काढा, तिथे छोटा चौक करा, विहीर आणि झाड वाचवा, बाकी लोकांना तिथेच राहू द्या. कमी खर्चात आणि कमी लोक उठवून काम होतं हे त्यांनी दाखवलं. त्यांची दिवाळीची मिरवणूक पण प्रसिद्ध आहे, मिरवणुकीचा रस्ता ठरलेला नसणार, जो मोहल्ला सगळ्यात जास्त साफ आणि दुरुस्त दिसेल तिथूनच ती जाणार असं जाहीर केलं आणि लोकांनी आपणहून घरं झाडून, रंगवून, डागडुजी करून ठेवली. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत वरचेवर पहिलं येतंय त्याचं सगळ्यांना कौतुक, मलाही आहे, पण त्याच गेडिसचं दुसरं सांगणं, घरं वाचवून शहर सुधारा, ते आपण कपाटात ठेवून दिलं.

व्यापाऱ्यांकडे येतो. त्यांची भीती खोटी आहे असं मी कधी म्हणत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण गिऱ्हाईक कशाने येतं याचा त्यांचा अंदाज बहुतेक ठिकाणी चुकतो, हे जगभर दिसलंय. इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका बाजाररस्त्यावर दुकानदारांना विचारलं तर ते म्हणाले ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं, गिऱ्हाइकांना विचारलं तर निघाले २२ टक्के. आपल्याकडे करायला सोपं आहे, सकाळी अकरा वाजता कुठल्याही गल्लीत उभं राहा, दुकानांपुढच्या गाड्यांचे नंबर लिहून घ्या, परत दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला. तेच नंबर तिथेच दिसतील. त्या गाड्या दुकानदारांच्या आणि त्यांच्या मुनीम-नोकरांच्या आहेत, दिवसभर हलत नाहीत, गिऱ्हाइकाची जागा त्यांनीच अडवलेली असते. हा कागद बैठकीत ठेवला की सूर बदलतो, मी बदललेला बघितलाय. म्हणून पहिली सोय दुकानाच्या माणसांच्या गाड्यांची करायची, सुभाष चौकासारख्या मल्टीलेव्हल पार्किंगमध्ये महिन्याचा स्वस्त पास, आणि त्याच दिवशी रस्त्यावरचं फुकट पार्किंग बंद. दोन्ही एकत्र झालं पाहिजे. रस्त्यावर फुकट जागा मिळत असेल तर पैसे देऊन गाडी वर कोण चढवेल?

माल उतरवणं हा खरा गुंता आहे आणि त्यावर कुणी पुरेसा वेळ देत नाही. किरकोळ साडीच्या दुकानाला आठवड्यातून दोन वेळा माल येतो, त्याला सकाळी दहाच्या आतली वेळ चालते. मसाल्याच्या किंवा कापडाच्या थोक म्हणजे घाऊक दुकानाला दिवसभर लोडिंग रिक्षा आणि हातठेले लागतात, त्याला दहाच्या आतली वेळ दिली तर तो खरंच बुडेल. म्हणून पूर्ण भागाला एकच नियम लावू नका, गल्ली बघून लावा. थोकवाल्यांना एकदम बाहेर घालवायलाही माझा विरोध आहे, ते गेले की त्यांच्याबरोबर हम्माल, ठेलेवाले, चहावाला, सगळी साखळी जाते. त्यांना म्हणायचं सॅम्पल आणि व्यवहाराची गादी इथे ठेवा, साठा बाहेर न्या, आणि वरच्या मजल्यावरचं गोडाऊन रिकामं केलं तर प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट घ्या. खोकी बाहेर गेली की वर राहायला जागा होते आणि आगीची भीतीही कमी होते.

आग म्हटल्यावर थोडं थांबतो. राजवाडा स्वतः १९८४ मध्ये जळला होता, सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे लाकडी, किती नुकसान झालं ते जुन्या लोकांनी डोळ्यांनी बघितलंय. आज त्याच्या आजूबाजूला लाकडी पाटण्यांवर कापड, पुठ्ठा आणि प्लास्टिक भरलंय, वर लोंबणाऱ्या तारा, आणि सराफ्यात रात्री गॅसचे सिलेंडर. तिथे मोठा बंब आत शिरणारच नाही. यावर उपाय म्हणून लगेच रस्ता रुंद करा म्हणतात, पण गल्लीत पाण्याची दाबाची लाइन आणि ठरावीक अंतरावर नळ, मोटरसायकलवरचे छोटे बंब, तारा जमिनीखाली, आणि सराफ्यातल्या ठेल्यांसाठी सिलेंडरऐवजी पाइपचा गॅस किंवा विजेच्या शेगड्या, हे घरं न पाडता होतं. आणि हो, सराफ्यात वर आजही राहतात ते बंगाली कारागीर, एका खोलीत कितीतरी जण, तिथेच काम, तिथेच झोप, तिथेच ॲसिड आणि गॅसची भट्टी. सर्व्हेमध्ये त्यांची खोली वर्कशॉप म्हणून लिहिली जाते, रहिवासी म्हणून त्यांना कुणी मोजत नाही. जुन्या बाजारात खरोखर राहणारी जी थोडी माणसं उरलीत त्यात ते आहेत, कुठल्याही प्लॅनमध्ये पहिली सोय त्यांच्या हवा-उजेडाची, बाहेर पडायच्या दुसऱ्या रस्त्याची व्हायला पाहिजे.

चालायच्या रस्त्याचं डिझाइन त्या मानाने सोपं. इंडियन रोड्स काँग्रेसचे पादचाऱ्यांसाठीचे नियम आहेत, फुटपाथ मोकळा निदान १.८ मीटर, उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आपल्या गल्ल्यांत तर वेगळा फुटपाथ करूच नका, सगळं एका पातळीवर, मधे पाण्याची नाली, म्हाताऱ्या माणसाला पाय उचलावा लागू नये. सावली पाहिजे, मे महिन्यात इंदूरचं ऊन माहीत आहे तुम्हाला, आणि सावलीसाठी जुने छज्जे पुरतात, ते कापू नका एवढंच. संडास पाहिजेत, साफ, बायकांसाठी वेगळे, ते इंदूरला शिकवायला नको. फेरीवाल्यांचा प्रश्न २०१४ च्या कायद्याने सोडवायचा, त्यातल्या टाउन व्हेंडिंग कमिटीत, म्हणजे फेरीवाल्यांच्या शहर समितीत, निदान ४० टक्के प्रतिनिधी त्यांचेच असतात, त्यांच्याशी बसून कुठल्या गल्लीत कुठल्या वेळी ते ठरवायचं, सणाच्या आधी हुसकून लावायचं आणि सण झाला की विसरायचं हे बंद करायला पाहिजे. ई-रिक्षा कडेने फिरू द्या, आत मोजक्या, म्हाताऱ्यांसाठी आणि राजवाड्यापासून सिटी बसच्या थांब्यापर्यंत.

आणि लोकांना सवय नाही असं कुणी म्हटलं तर रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक आणि अनंत चतुर्दशीच्या झाक्या म्हणजे गिरण्यांचे चित्ररथ आठवून द्या. गिरण्या बंद झाल्या तरी झाक्या निघतात, अख्खं शहर रात्रभर पायी असतं, गाडी लांब लावून येतात सगळे. पुण्याने लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला एक दिवस गाड्या बंद ठेवायला सुरुवात केली. इंदूरने रविवारपासून करावं, एका गल्लीत, दोन-तीन महिने, दुकानदारांच्या विक्रीचा हिशोब त्यांनीच ठेवावा. छप्पन दुकान हा खाण्याचा बाजार २०२० मध्ये गाड्यांपासून मोकळं केलं तेव्हाही कुरकुर झाली, आज तिथे उभं राहायला जागा नसते. पण छप्पन हा एक छोटा पट्टा आहे खाण्याचा, तो राजवाड्याला जसाच्या तसा लावू नका, तिथे घरांचा, थोक बाजाराचा, कारागिरांचा प्रश्नच नव्हता.

सुपर कॉरिडॉरवर नवं टाउन सेंटर बांधण्याबद्दल. बांधावं, तिकडे लोक राहायला येणारच आहेत, मे २०२५ मध्ये मेट्रोचा पहिला साधारण ६ किलोमीटरचा टप्पा तिथेच सुरू झालाय. पण नवं सेंटर बांधून जुन्याला पर्याय मिळतो हे मला मान्य नाही. अमेरिकेत कोलोराडोच्या लेकवुडमध्ये एक बंद पडत आलेला मॉल पाडून त्या जागेवर २००४ पासून बेलमार नावाचा भाग उभा केला, २२ ब्लॉक, खाली दुकानं वर घरं, पायी फिरता येतं, नीट चाललंय. पण त्याला आख्खी जमीन एका ठिकाणी, मोठा पैसा आणि वर्षानुवर्षांचा धीर लागला. आपल्याकडे नव्या भागात प्लॉट मोठे, रस्ते रुंद, बिल्डिंगा मागे सरकवलेल्या, पुढे पार्किंग, एका दारापासून दुसऱ्या दाराला शंभर पावलं. तिथे चालायला कुणाला आवडेल? तिकडे करायचंच तर ब्लॉक ८०-१०० मीटरपेक्षा लांब ठेवू नका, दुकानाचं तोंड थेट फुटपाथवर, आणि छोटे प्लॉट विका, म्हणजे सराफ्यातल्या ठेलेवाल्याच्या मुलालाही तिथे दुकान घेता येईल. राजवाड्याखालून मेट्रो न्यायची का नाही यावर वाद चालू राहील, त्याचा निकाल लागेपर्यंत जुन्या भागाचं काम अडवून ठेवायची गरज नाही, स्टेशन आणि सरवटे बसस्टँड दोन्ही तसेही पायी अंतरावर आहेत.

नियमांमध्ये माझ्या मते तीन गोष्टी बदलल्या तर बाकी आपोआप सुटत जाईल. जुन्या भागात घर दुरुस्त किंवा नव्याने बांधताना पार्किंग आणि मोकळी जागा सोडायच्या अटी काढा, त्या मोठ्या प्लॉटच्या हिशोबाने आहेत, १२ फुटी घराला त्या लावल्या की मालक एक तर परवानगीच घेत नाही किंवा घर विकतो. दुसरं, परवानगी देताना रस्त्याकडून किंवा मागच्या बॅकलेनमधून वर जाणारा स्वतंत्र जिना सक्तीचा करा, आणि दोन शेजारी मिळून एक जिना करत असतील तर त्यांना जास्त बांधकाम द्या. बॅकलेन तर आपण स्वच्छतेच्या निमित्ताने साफ केल्यातच, रंगवल्या, फरशा घातल्या, त्याच आता दाराच्या गल्ल्या होऊ शकतात, ही इंदूरची केवढी मोठी जमेची बाजू आहे. तिसरं, जुने भाडेकरू आणि १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम, म्हणजे मध्य प्रदेशचा भाडेकरू कायदा, नाममात्र भाडं, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू हलत नाही, दोघं वाट बघतात कधी पडेल त्याची. निगमने दुरुस्तीचं कर्ज द्यावं आणि ते भाड्यातून दोघांनी मिळून फेडावं, असा करार करून देणारं एक टेबल वॉर्ड ऑफिसात असलं तरी पुष्कळ घरं वाचतील.

आता तुमचं घर. नुसत्या बातमीवर विकू नका. घोषणा झाली की दलाल फिरायला लागतात, दर फुटाचा आकडा सांगतात, तो आकडा खालच्या दुकानाचा असतो, वरचं फुकटात मागतात. आधी जाऊन बघा की जिना आहे का, दुकानातून जातो का वेगळा, खालच्या पायऱ्या शाबूत आहेत का. जिना असेल तर तुमच्या हातात खूप आहे. नसेल तर मागच्या गल्लीकडून निघतो का ते बघा, शेजाऱ्याशी बोला. मग सासऱ्यांच्या भावंडांचे हिस्से कागदावर आहेत का, नसतील तर आजेसासऱ्यांच्या नावावरचं घर कुणालाच दुरुस्त करता येत नाही, हे काम आधी उरका, पुढच्या पिढीत वारस अजून वाढतात. मग जुन्या बांधकामाची माहिती असलेला इंजिनियर न्या, लाकडी खांबांचे बुंधे आणि वाशांची टोकं तपासून घ्या, बहुतेक वेळा सडलेलं तेवढंच असतं आणि तेवढंच बदलता येतं. भिंती चुन्याच्या असतील तर वरून सिमेंटचं प्लॅस्टर करू देऊ नका, ओल आतच अडकते आणि लाकूड आणखी लवकर जातं. वर स्लॅब टाका म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा, त्या भिंती तेवढं वजन घेणार नाहीत. संडास-पाण्याची लाइन मागच्या गल्लीतून घ्या.

मग वर कोण राहील? तुम्ही राहायला जाल असं मी म्हणत नाही. पण सराफ्यातला कारागीर कुटुंब घेऊन आला तर त्याला जागा पाहिजे, बाजारात काम करणाऱ्या मुलींना, एम. वाय. हॉस्पिटलमधल्या नर्सना, नुकतं लग्न झालेल्या जोडप्याला कामाच्या जवळ स्वस्त दोन खोल्या पाहिजेत. भाडं दुकानाएवढं येणार नाही, पण दुरुस्ती निघते आणि घर उभं राहतं, आणि गल्लीत रात्री एक खिडकी उजेडाची होते. तेवढ्याने शेजारच्या दोन मालकांना पण हुरूप येतो, हे मी होताना बघितलंय.

आणि दुकानाच्या भाडेकरूचा करार कधी संपतो ते आजच काढून बघा. नवा करार करताना बोळ आणि जिना दुकानाच्या मापातून वेगळे लिहून घ्या, सोबत हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा, दोघांच्या सह्या त्यावर, आणि बोळाच्या दाराची किल्ली तुमच्याकडे राहील असं स्पष्ट लिहा. वॉर्डात बैठक झाली तर हाच नकाशा घेऊन जा आणि विचारा की तुमच्या रस्त्याच्या प्लॅनमध्ये आमच्या जिन्याचं दार कुठे दाखवलंय.